बैलाचा खांदा आईच्या पोटात घडतो

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भात बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या कातडीला हळद-तूप लागते आणि उद्याच्या जेवणाचे आवतणही तिथेच दिले जाते. माणिकगडाच्या डोंगरावर वसलेल्या जिवती तालुक्यात या आवतणाला पोटापाण्याचा अर्थ आहे. उतारावरची रानं, कापूस, ज्वारी, तूर; गोंड, कोलाम आणि मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे. अशा मुलखात गाय पाळली जाते ती दुधाइतकीच, किंबहुना अधिक, गोऱ्ह्यासाठी. पण ज्या खांद्याचे एवढे कौतुक तो घडतो कधी? वासरू गोठ्यात आल्यावर, असे आपण धरून चालतो. पशुविज्ञान मात्र वेगळे सांगते. त्या खांद्यात स्नायूंचे तंतू किती असणार याचा हिशेब वासरू जमिनीवर पडण्याआधीच मिटलेला असतो, आणि तो हिशेब चालू असताना त्याच्या आईला आवतण द्यायला कोणी जात नाही.

गाय साधारण 283 दिवस गाभण राहते. पोटातल्या वासराचे बहुतेक स्नायुतंतू तिसऱ्यापासून सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत बनतात. जन्मानंतर ते जाड होतात, लांब होतात, पण त्यांची संख्या वाढत नाही. कालवडीच्या अंडाशयातली बीजेही पोटात असतानाच भरून ठेवलेली असतात. वजनाचा वेग मात्र शेवटी येतो: जन्मवजनाचा निम्म्याहून मोठा वाटा अखेरच्या तीन महिन्यांत चढतो. आता हे वेळापत्रक इथल्या ऋतूंवर ठेवून पाहा. पावसाळी हिरव्या चाऱ्यावर गाय अंगाने भरते, माजावर येते आणि भाद्रपदाच्या आसपास फळते. सप्टेंबरच्या मध्यावर फळलेली गाय जूनच्या शेवटच्या आठवड्यात विते. म्हणजे तंतू बनण्याचा काळ मार्गशीर्ष ते चैत्र आणि वजन भरण्याचा काळ एप्रिल, मे, जून. तोवर कडब्याची गंजी तळाला गेलेली असते, जंगलातल्या गवताची काडी झालेली असते, पठारावरचे पाणी आटलेले असते आणि गायकी गुरांना दिवसेंदिवस लांब हाकतो. वासराची मागणी सर्वांत मोठी, तेव्हा आईची गव्हाण सर्वांत गरीब. सगळ्याच गायी याच वेळी फळतात असे नाही, पण ज्यांना चारा पावसावर मिळतो त्यांचा माजही पावसाशीच बांधलेला राहतो.

उपासमार म्हटली की रिकामी गव्हाण डोळ्यांपुढे येते. इथली उपासमार बरेचदा भरल्या पोटाची असते. ज्वारीच्या कडब्यात किंवा धानाच्या तणसात प्रथिने जेमतेम साडेतीन टक्के. गाय चारा एकटीने पचवत नाही. तिच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव तो आंबवतात, आणि त्यांना स्वतः जगायला चाऱ्यात सुमारे सात टक्के प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत की आंबवणे मंदावते, कडबा पोटात रेंगाळतो, आणि समोर चारा असूनही गाय कमी खाते. 250 किलोची गाय दिवसाला सहा किलो कोरडा चारा खाते असे धरू. नुसत्या कडब्यातून तिला 210 ग्रॅम प्रथिने मिळतात, हवीत 420. त्यातला एक किलो कडबा काढून तेवढीच सरकीची ढेप घातली, आणि ढेपेत 22 टक्के प्रथिने धरली, तर बेरीज 395 ग्रॅमपर्यंत पोचते. एका किलोने ही निम्म्याची तूट जवळजवळ भरून निघते. ढेप या तालुक्याला परकी नाही. कापसाबरोबर सरकी इथूनच जिनिंगला जाते आणि ढेप होऊन पोत्यात बसून विकत परत येते.

एवढ्याशा प्रथिनांनी पुढच्या पिढीत काय फरक पडतो, हे अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर मोजले गेले. हिवाळ्यातल्या वाळल्या कुरणावर चरणाऱ्या गाभण गायींपैकी काहींना अखेरच्या महिन्यांत रोज अर्ध्या किलोहून कमी प्रथिनयुक्त खुराक दिला, काहींना दिला नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खुराक मिळालेल्या गायींच्या कालवडी पुढे वयात आल्यावर 93 टक्के फळल्या. न मिळालेल्यांच्या 80 टक्के. तिथली गाय आपल्या गावरान गायीच्या दुप्पट वजनाची, कुरण वेगळे, थंडी वेगळी. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे जिवतीला लावणे भाबडेपणाचे होईल. पण तिथली अडचण कोरड्या, प्रथिनहीन चाऱ्याचीच होती, आणि ती पोटातल्या सूक्ष्मजीवांपुढे सगळीकडे सारखीच असते.

मेंढ्यांवरचा पुरावा याहून अस्वस्थ करणारा आहे, आणि त्याचे दुसरे टोक महाराष्ट्रातच सापडते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या केविन सिंक्लेअर यांच्या गटाने फळण्याच्या आगेमागे मेंढ्यांच्या आहारातली बी-12, फोलेट आणि मेथिओनीन ही द्रव्ये कमी केली. त्यांचे गर्भ पुढे चांगले खाणाऱ्या मेंढ्यांच्या पोटात वाढवले. कोकरे जन्मली तेव्हा वजनात काही खोट दिसली नाही. मोठी झाल्यावर मात्र ती जास्त चरबीची निघाली, इन्सुलिनला कमी दाद देणारी आणि, विशेषतः नर, चढ्या रक्तदाबाची. हा प्रयोग 2007 सालचा. पुढच्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी, पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासातून, गरोदरपणी बी-12 कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनची तीच अडचण नोंदवली. रवंथ करणाऱ्या जनावरात बी-12 पोटातले सूक्ष्मजीवच बनवतात, आणि त्यासाठी त्यांना कोबाल्ट लागते. म्हणून क्षार मिश्रणाची चिमूट ही चैन नव्हे. या प्रकरणातली खरी पंचाईत अशी: नुकसान जन्माच्या दिवशी तराजूत दिसत नाही, ते तीन-चार वर्षांनी दिसते, आणि तोवर शेतकरी त्याचे खापर जातीवर फोडून मोकळा झालेला असतो.

जातीचा आक्षेप म्हणूनच पहिला येतो: रेतन चांगल्या वळूचे केले की झाले. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनचा मोठा भरही तिथेच आहे. वळूचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही, पण 1938 साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी केंब्रिजला केलेला घोड्यांचा प्रयोग इथे आठवावा. धिप्पाड शायर आणि ठेंगणी शेटलंड यांचा संकर त्यांनी दोन्ही बाजूंनी केला. रक्त दोन्हीकडे निम्मे-निम्मे; तरी शायर घोडीच्या पोटी आलेले शिंगरू जन्मतः शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट भरले. आपल्याकडचे उदाहरण फलटणचे. निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जनुकाने पोटात दोन कोकरे दिली. ती दोन्ही जगवायची तर मेंढीच्या तोंडी दोघांपुरता घास पडावा लागतो. मेंढीचे गाभणपण पाच महिन्यांचे आणि कोकराची जवळपास सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत. चंद्रपूर-गडचिरोलीतले कुरमार मेंढपाळ असोत की दारात चार शेळ्या बांधणारी जिवतीची बाई, दोघांचे वर्ष त्या सहा आठवड्यांवर ठरते.

दुसरी भीती दाईपणाच्या अनुभवातून आलेली: गाभण गाईला जास्त चारले तर वासरू मोठे होते आणि अडते. गाय चरबीने थबथबली असेल तर यात तथ्य आहे. पण शेवटच्या तिमाहीत उपाशी ठेवून वासरू थोडे हलके झाले तरी अडणे कमी होत नाही, हे वारंवार दिसून आले आहे. कळा द्यायला गाईतच ताकद उरत नाही आणि वासरूही मलूल पडते. एप्रिलमध्ये फासळ्या मोजता येणाऱ्या गाईच्या मालकाने या भीतीत पडू नये. तिसरा आक्षेप गावरान काटकपणाचा. पूर्व विदर्भातली, चिखलणीला उपयोगी पडणारी कठाणी गाय आता नोंदणीकृत जात आहे आणि ती अपुऱ्या चाऱ्यावर तगते, हे खरेच. पण तगणे वेगळे आणि फळणे वेगळे. ती तगते म्हणजे वेताचे अंतर वाढवते, पहिले वेत चार-पाच वर्षांवर नेते. काटकपणाची किंमत ती अशी वासरांत चुकवते.

मग उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. भाकड गाय दूध देत नाही, नांगर ओढत नाही. तिच्यावर ढेप खर्च करणे डोळ्यांना उधळपट्टी वाटते. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत गाय पिळण्याची रीत नव्हती, दूध वासराचे मानले जाई. त्या रीतीत शहाणपण होते. गाईची रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून वासराला मिळत नाहीत, ती फक्त चिकातून आणि पहिल्या काही तासांतच मिळतात; खरवसाच्या ताटलीसाठी घाई करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पण चीक तरी कशातून येणार? भुकेल्या गाईचा चीकही थोडा. जन्मानंतर वासराचा हक्क मानणारी रीत जन्माआधीच्या तीन महिन्यांपर्यंत मागे न्यावी लागेल. सगळ्या कळपाला ढेप परवडणार नाही, आणि गरजही नाही. गाभण ओळखून, तीही शेवटच्या नव्वद दिवसांपुरती, वेगळी बांधली तर एका गाईला 90 किलो पुरते. ढेप नसेल तर तुरीची चुनी आहे; तणस असेल तर 100 किलोला 4 किलो युरियाचे पाणी शिंपडून तीन आठवडे झाकून ठेवण्याची प्रक्रिया आहे, फक्त ती पशुवैद्यकाकडून नीट समजून घ्यावी, कारण युरियाचे माप चुकले तर गायच जाते. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाने गाभण तपासणीची शिबिरे डिसेंबर-जानेवारीतच घेतली तर कोणाला ढेप लागणार हे वेळेत कळेल.

ऑगस्टच्या अखेरीस, पोळ्याच्या सुमाराला फळलेली गाय जूनच्या पहिल्या पंधरवड्यात विते. तिची ढेप मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून लागेल. ती कापूस विकतो त्याच दिवशी घेऊन ठेवावी.