बंगला कशाला म्हणावे?

इंग्रजीतील बंगलो आणि मराठीतील बंगला हे शब्द एकाच मुळातून आले असले, तरी त्यांतून होणारा बोध एक नाही. ब्रिटनमध्ये बंगलो म्हणजे बैठे घर. ते चारही बाजूंनी मोकळे असो किंवा त्याची एक भिंत शेजारच्या घराशी सामायिक असो, जिना नसणे हीच त्याची खूण होय. मराठीत मात्र दुमजली वास्तूलाही कोणी सहज बंगला म्हणतो, पण तिच्याभोवती स्वतःचे आवार आणि कुंपण नसेल, तर ती केवळ घर ठरते. या फरकाचे कारण शब्दकोशापेक्षा घरांच्या इतिहासात अधिक सापडते, कारण हा शब्द जिथे जिथे गेला तिथे रोजच्या परिचयाच्या घराहून जे वेगळे दिसले, त्यालाच तो चिकटला.

बंगला याचा मूळ अर्थ बंगालचा, बंगाली धाटणीचा, असा आहे. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील झोपड्यांचे छप्पर बांबूच्या सांगाड्यावर गवताने शाकारलेले असे, आणि बांबू वाकवून बांधल्यामुळे त्याचे आढे मध्यभागी उंच व दोन्ही टोकांना झुकलेले राहून मुसळधार पावसाचे पाणी चटकन ओघळून जाई. छपराच्या उतरत्या बाजूला, म्हणजे मराठीत ज्याला पाखे म्हणतात त्याला, बंगालीत चाला हे नाव आहे. त्यावरून दोन पाख्यांचे घर दोचाला आणि चार पाख्यांचे चारचाला ठरते. गरिबाच्या झोपडीचा हा आकार देवळांनी आणि राजवाड्यांनीही आपलासा केला, ही वास्तुकलेच्या इतिहासातील फार मोलाची गोष्ट मानली पाहिजे. विष्णुपूरचे १६५५ सालचे जोर बांगला मंदिर म्हणजे अशा दोन झोपड्या विटांमध्ये जोडून उभ्या केल्यासारखी रचना आहे, तर लाहोरच्या किल्ल्यातील शाहजहानच्या नौलखा मंडपावर तेच वक्र छप्पर संगमरवरात अवतरले आहे. या टप्प्यावर शब्दाचा सारा रोख छपरावर होता.

ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्ट्रेनशॅम मास्टर याच्या १६७६ सालच्या रोजनिशीत हा शब्द येतो, तो कंपनीच्या गलबतांवरील इंग्रजांसाठी उभारायच्या साध्या खोपट्यांच्या अर्थाने. पुढील शतकभरात या खोपट्याला उंच जोते, मधला दिवाणखाना आणि सभोवती व्हरांडा मिळाला, आणि ते कॅन्टोन्मेंटमधील, म्हणजे मूळ शहराबाहेर वसवलेल्या लष्करी छावणीतील, अधिकाऱ्याचे निवासस्थान बनले. घर विस्तीर्ण आवाराच्या मध्यावर आणि स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या मागे दूर, अशी ही मांडणी होती. दूषित हवेने रोग पसरतात ही तत्कालीन वैद्यकीय समजूत तिच्यामागे होतीच, पण राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातील अंतर जमिनीवर आखून दाखवण्याची गरजही तितकीच होती. अँथनी किंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द बंगलो’ या ग्रंथात या घराच्या जागतिक प्रसाराचा सविस्तर मागोवा घेतला आहे. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांच्या मुक्कामासाठी रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने बांधलेल्या डाकबंगल्यांनी हा शब्द खेडोपाडी नेला.

मराठी शहरांत तोवर प्रतिष्ठेचे घर म्हणजे वाडा होता, आणि वाड्याची रचना नेमकी उलट असते. त्याची भिंत थेट रस्त्याला भिडते, बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना टेकतात, आणि मोकळी जागा असते ती आत, चौकात. बंगल्याने हीच मोकळी जागा घराबाहेर काढून सभोवती पसरवली. १८९६ नंतरच्या प्लेगने दाट वस्तीची धास्ती मनात बसवली होती. पुढे विसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन जिमखाना परिसरात शिकलेल्या मध्यमवर्गाने बागेसह सुटी घरे बांधली, त्यांना नावे दिली, आणि साहेबाच्या अंतराची खूण असलेले आवार हे स्वकष्टाच्या स्थैर्याची खूण झाले. गाडी-बंगला ही जोडी समृद्धीचा पर्याय म्हणून भाषेत रुजली ती यामुळेच. मजले किती हा प्रश्न या प्रवासात कधी महत्त्वाचा नव्हताच.

इंग्लंडमध्ये तोच महत्त्वाचा ठरला. केंट परगण्यातील वेस्टगेट आणि बर्चिंग्टन या समुद्रकाठच्या गावांत वास्तुविशारद जॉन टेलर याने १८७०च्या सुमारास पहिले बंगले बांधले. कवी-चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटी याचे १८८२ साली निधन झाले ते बर्चिंग्टनच्या अशाच एका बंगल्यात. शहरातील इंग्रज माणूस एकमेकांना चिकटलेल्या, अरुंद आणि उभ्या घरांत वाढलेला असल्याने त्याला सर्वांत नवल वाटले ते जिना नसण्याचे. दोन महायुद्धांच्या दरम्यान स्वस्त बंगल्यांनी किनारे आणि महामार्गांच्या कडा व्यापल्या, तेव्हा ग्रामीण निसर्गाच्या रक्षणासाठी १९२६ साली स्थापन झालेल्या संस्थेने अशा पसरत्या बांधकामांना विरोध केला. त्या टीकेत सौंदर्यदृष्टीइतकाच वर्गाभिमानही होता, हे मान्य केले पाहिजे. आज तिथे बंगलो प्रामुख्याने जिना चढणे अवघड झालेल्या वृद्धांचे घर समजले जाते, आणि छपराखाली खोल्या काढल्या तर त्याला शॅले बंगलो असे वेगळे विशेषण लावावे लागते.

अमेरिकेत हाच शब्द पुढे पडवी असलेल्या आटोपशीर घराला मिळाला. शिकागोत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी सुमारे ८० हजार विटांची घरे बांधली गेली. सिंगापूरने मात्र भारतीय अर्थच कायद्यात बसवला: तेथे ‘गुड क्लास बंगलो’ या वर्गातील घरासाठी किमान १,४०० चौरस मीटरचा भूखंड आवश्यक असतो आणि दोन मजल्यांना मुभा असते. महाराष्ट्रात जमिनीचे भाव वाढत गेले तसतसा हा अर्थ सैल होत आहे, कारण एक भिंत सामायिक असलेल्या दोन घरांना बांधकाम व्यावसायिक ट्विन बंगलो म्हणून विकतात, आणि आवाराच्या नावाखाली गाडी उभी करण्यापुरती फरसबंद जागा उरते.