क्वीअर म्हणजे काय? लेकरालाच विचारा

मीरा-भाईंदरच्या एका वस्तीत आरोग्य बैठकीत एका आईने आम्हाला विचारले, “मुलगी स्वतःला क्वीअर म्हणते. हा आजार आहे का?”

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली.

क्वीअर ही एकेकाळची इंग्रजी शिवी. तीच या माणसांनी स्वाभिमानाने नाव म्हणून घेतली. अर्थ ज्याचा त्याचा: कुणा मुलीचे मुलीवर प्रेम, कुणी स्वतःला बाईही मानत नाही नि पुरुषही नाही, कुणाला कुठलाच शिक्का नको.

१९५६ साली आपणही लादलेली ओळख टाकून ‘बौद्ध’ हे नाव निवडले. मग लेकराचे नाव खोडू नका. मारझोड, भगत, घाईचे लग्न नको. “तुझ्यासाठी याचा अर्थ काय?” एवढे विचारा आणि ऐका. जीव द्यायचे बोलत असेल तर एकटे सोडू नका; १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा.