संत्र्याच्या पानावरची भावंडे

नागपूरकडच्या संत्रा बागायतदाराला फुलपाखराचे फारसे कौतुक नसते. रोपवाटिकेतल्या कलमांना कोवळी पालवी फुटली की पाने खाणारी अळी हजर होते आणि शिरा तेवढ्या मागे ठेवते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली ग्रंथी बाहेर काढून उग्र वास सोडते. बागायतदार तिला वेचून मारतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

पण या अळ्यांच्या घराण्यात उत्क्रांतीची दोन मोठी प्रकरणे दडलेली आहेत. पॅपिलिओ प्रजातीतली दोन भावंडे, लिंबू फुलपाखरू आणि कॉमन मॉरमॉन, लिंबू, संत्रा, बेल आणि विदर्भात ज्याला गोडलिंब म्हणतात त्या कढीपत्त्यावर अंडी घालतात. त्यामुळे ती रानापेक्षा माणसाच्या आसपासच जास्त भेटतात. आशिष टिपले आणि अरुण खुरद यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नागपूर शहर आणि परिसरात फुलपाखरांच्या १४५ जातींची नोंद आहे. त्याआधीची महत्त्वाची यादी १९३१ची, नागपूरच्या अजब बंगला या संग्रहालयाच्या डी'अब्रू यांनी मध्य प्रांतासाठी केलेली.

पहिले भावंड भटके. काळ्यावर फिकट पिवळ्या ठिपक्यांचे हे फुलपाखरू वेगाने उडते, मोकळे माळ पसंत करते आणि लिंबूवर्गीय झाडे लावत माणूस जिथे जाईल तिथे पोहोचते. २००४ साली ते चक्क कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आढळले. पुढे जमैका, प्युर्टो रिको, क्युबा. ते तिथे आले कुठून, याचा माग डीएनएने काढला. तिथली फुलपाखरे आग्नेय आशियातल्या वंशाशी जुळली, भारतातल्या नव्हे. एवढा महासागर ते स्वतःच्या पंखांवर ओलांडेल, हे संभवत नाही. माणसाच्या मालाबरोबर गेले असावे. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातले हेच फुलपाखरू लिंबाकडे सहसा वळत नाही. त्याची अळी बावचीच्या जातकुळीतल्या शेंगवर्गीय झाडांवर वाढते.

दुसरे भावंड बहुरूपी आहे, निदान त्याची मादी तरी.

कॉमन मॉरमॉनचा नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. काही माद्या हुबेहूब नरासारख्या. बाकीच्या मात्र दुसऱ्याचेच रूप घेऊन वावरतात: काही कॉमन रोझ या फुलपाखराचे, काही क्रिमझन रोझचे. ही दोन्ही फुलपाखरे अळीपणी ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि तिचे विष अंगात साठवतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी त्यांच्या वाटेला जात नाही. मॉरमॉनच्या अंगात ते विष नाही, पण वेश बघूनच पक्षी बाजूला होतो.

हा वेश ठरवते कोण? सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी संकर करून १९७२ साली दाखवले, की सगळा बदल गुणसूत्रावरच्या एकाच जागेवरून वारशाने येतो. क्लार्क पेशाने डॉक्टर. फुलपाखरांच्या आनुवंशिकतेच्या नादातूनच ते रक्तगटांकडे वळले, आणि आर-एच निगेटिव्ह मातांना आज दिले जाणारे इंजेक्शन घडवण्यात त्यांच्या लिव्हरपूलच्या गटाचा मोठा वाटा होता. फुलपाखरांमागे धावण्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना एवढे उत्तर पुरावे.

त्या एका जागेवर बरीच जनुके एकमेकांना चिकटून बसली असावीत, असा जाणकारांचा अंदाज होता. तो चुकला. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर'मध्ये दाखवले, की सूत्रधार एकच जनुक आहे: डबलसेक्स. कीटकाच्या शरीराची ठेवण नराची की मादीची, हे ठरवण्यात भाग घेणारे हे जुनेच जनुक. सोंग घेणाऱ्या माद्यांत त्याचा तुकडा गुणसूत्रावर उलटा बसलेला असतो, त्यामुळे त्यातले बदल संकरात विस्कटत नाहीत. नरही हा तुकडा वाहतात. त्यांच्या पंखांवर तो उमटत नाही, एवढेच.

मग सगळ्याच माद्या सोंग का घेत नाहीत? खोटे फार झाले तर पक्षी फसणे सोडतील, हे एक कारण. दुसरे परिसरातले: जिथे ईश्वरी नाही तिथे विषारी रोझ नाहीत, आणि तिथल्या पक्ष्यांना त्या वेशाची धास्तीही नाही. मॉरमॉनचे पोट संत्र्याच्या बागेवर भरते, पण सोंग घेणाऱ्या माद्यांचा बचाव कुंपणावरच्या एका रानवेलीवर टिकून आहे.

खरे-खोटे ओळखायला पंख बघून भागत नाही, अंग बघावे लागते. विषारी रोझचे पोट लाल असते. मॉरमॉनच्या मादीने पंख हुबेहूब रंगवले, तरी तिचे अंग काळेच राहिले आहे.