जन्मस्थान, व्हिसा आणि नागरिकत्व : अमेरिकेतील भारतीयांच्या ओळखीचा प्रश्न

परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयाची ओळख भाषा, धर्म व प्रांत यांवरून सांगण्याची प्रथा आहे. यजमान देशाचा कायदा मात्र ती निराळ्या रीतीने ठरवितो. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार अनिवासी भारतीय आणि भारतीय वंशाच्या व्यक्ती यांची जगभरातील एकत्रित संख्या सुमारे ३.५ कोटी आहे. त्यांपैकी उच्च कौशल्याच्या नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या वर्गाच्या बाबतीत जन्मस्थान, व्हिसा व नागरिकत्व या तीन बाबी एकमेकींशी जुळत नाहीत. त्यातून उद्भवणारा पेच भावनिक आहेच. पण त्याआधी तो कायद्याचा आहे.

या पेचाला जुना इतिहास आहे. १९१७ च्या कायद्याने आशियाचा बराचसा भूभाग ‘प्रतिबंधित क्षेत्र’ ठरवून भारतीय मजुरांचा प्रवेश रोखला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्वाचा हक्क नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिला. कारण कायद्यातील ‘श्वेतवर्णीय’ या संज्ञेत ते बसत नव्हते. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाची वाट खुली झाली, पण वर्षाला अवघ्या १०० स्थलांतरितांच्या कोट्यासह. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रीय मूळावर आधारलेली कोटापद्धती मोडीत काढली. हा कायदा समानतेचा टप्पा म्हणून अभ्यासला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि, देशनिहाय मोजणी त्यानंतरही टिकून राहिली, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

आजच्या व्यवस्थेचा पाया १९९० च्या कायद्यात आहे. त्याने एच-१बी हा तात्पुरत्या कामाचा व्हिसा निर्माण केला व त्यावर वार्षिक ६५,००० ची मर्यादा घातली. माहिती तंत्रज्ञानाच्या भरभराटीत, २००१ ते २००३ या वित्तीय वर्षांपुरती, ती १,९५,००० पर्यंत वाढविली गेली. अमेरिकी विद्यापीठांतून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० व्हिसांची तरतूद २००४ च्या कायद्याने झाली. व्हिसा प्रथम तीन वर्षांसाठी मिळतो. एरवी तो सहा वर्षांपलीकडे चालत नाही. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांमध्ये भारतात जन्मलेल्यांचा वाटा अलीकडच्या वर्षांत ७० टक्क्यांहून अधिक राहिला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या उद्घोषणेने देशाबाहेरील कर्मचाऱ्यांसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरची आकारणी लादली गेली, तेव्हा तिची सर्वाधिक झळ भारताला बसणार हे उघड होते.

या व्हिसाचे एक वैशिष्ट्य लक्षणीय आहे. पर्यटक वा विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदाराला आपण मायदेशी परतणार असल्याचे पटवून द्यावे लागते. एच-१बीधारकावर ते बंधन नाही. तात्पुरता मुक्काम आणि कायम वास्तव्याची इच्छा हे दोन्ही त्याच्या ठायी एकाच वेळी असू शकतात, हे कायद्यालाच मान्य आहे. या तत्त्वास ‘दुहेरी हेतू’ म्हणतात.

जन्मस्थानाची रांग

कायम वास्तव्याचा परवाना म्हणजे ग्रीन कार्ड. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे उपलब्ध असतात व कर्मचाऱ्याची पत्नी किंवा पती आणि मुले यांचीही गणना त्यातच होते. कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. हे प्रमाण वर्षाला ९,८०० च्या आसपास जाते. इतरांकडून न वापरली गेलेली कार्डे काही वेळा भारतीयांच्या वाट्याला येतात, परंतु त्यावर भिस्त ठेवता येत नाही. मोठी लोकसंख्या व लहान लोकसंख्या असा भेद येथे नाही. भारत आणि आइसलँड यांना मर्यादा एकच! उच्च पदवीधरांच्या दुसऱ्या वर्गात, २०२५ च्या मध्यावर, भारतासाठीची निर्णायक तारीख २०१३ मधील होती. बारा वर्षांपूर्वीच्या अर्जदारांचा क्रमांक तेव्हा कोठे लागत होता.

येथे ‘देश’ म्हणजे जन्माचा देश, पारपत्राचा नव्हे. नागपुरात जन्मून पुढे कॅनडाचे नागरिकत्व घेतलेला अभियंता भारताच्याच रांगेत उभा राहतो. उलट, भारतीय आई-वडिलांच्या पोटी दुबईत जन्मलेला व भारतीय पारपत्र बाळगणारा त्याचा सहकारी संयुक्त अरब अमिरातीच्या हिशेबात धरला जातो आणि बऱ्याच आधी पुढे सरकतो. जोडीदाराचा जन्म अन्य देशात झाला असल्यास त्याच्या देशाच्या हिशेबात अर्ज मोजून घेता येतो. धर्म, भाषा, निष्ठा, नागरिकत्व यांतले बरेच काही माणूस बदलू शकतो. जन्मस्थान तेवढे बदलता येत नाही आणि कायद्याने नेमके तेच निवडले आहे.

रांगेतील काळ कुटुंबालाही सोसावा लागतो. अर्ज प्रलंबित असल्यास २००० च्या कायद्यानुसार एच-१बीला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळते, पण जीवन नोकरीशी जखडलेले राहते. नोकरी सुटल्यास २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. एच-४ व्हिसावरील जोडीदारास २०१५ पर्यंत नोकरी करण्याची परवानगीच नव्हती. त्यानंतर ती ठरावीक जोडीदारांना मिळाली. सर्वांत बिकट स्थिती मुलांची. भारतातून तान्हेपणी नेलेले मूल २१ वर्षांचे झाले की आश्रित राहत नाही. घरातील धाकटे भावंड अमेरिकेत जन्मून तेथील नागरिक झालेले असते, तर थोरल्यास विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांनी १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना केली. आठवड्याच्या सुट्टीला तेथील मराठी शाळांत ही दोन्ही भावंडे एकाच बाकावर बसू शकतात.

भारताची भूमिका

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. २०२२ मध्ये २,२५,६२० व्यक्तींनी भारतीय नागरिकत्वाचा त्याग केल्याची माहिती सरकारने संसदेत दिली होती. डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये आपला अहवाल सादर केला. पुढे कायद्यात दुरुस्त्या होऊन ओसीआय योजना २००६ मध्ये प्रत्यक्षात आली आणि २०१५ मध्ये पीआयओ कार्ड तिच्यात विलीन झाले. ‘ओव्हरसीज सिटिझन’ या शब्दांमुळे अनेकांची फसगत होते. हे दुहेरी नागरिकत्व नाही. कार्डधारकास आजीवन प्रवेशाची मुभा असते; मात्र त्याला मतदान करता येत नाही, संसदेवर वा विधिमंडळावर निवडून जाता येत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन व पत्रकारिता यांसारख्या कामांसाठी त्याला विशेष परवानगी घ्यावी लागते.

याउलट रांगेत ताटकळणारा एच-१बीधारक भारताचा पूर्ण नागरिक असतो. २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी भारतीयांना मतदार यादीत नाव नोंदविण्याचा अधिकार दिला आहे. मात्र तो बजावण्यासाठी त्याला आपल्या मतदारसंघात जातीने यावे लागते. आणि पारपत्रावरील व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर अमेरिकेत परतण्यापूर्वी वाणिज्य दूतावासाचा नवा शिक्का मिळवावा लागतो.