दहा डोसची एक कुपी: वस्तीतल्या कुत्र्या-मांजरांचं लसीकरण फोनवरून कसं जमवायचं?

मी कळव्यात राहतो. इथे पारसिकच्या डोंगरावर चढत गेलेल्या वस्त्यांमध्ये घरटी नाही, पण गल्लीत दोन-तीन तरी पाळलेली कुत्री-मांजरं सापडतातच. त्यांच्या मालकांना लस का देत नाही असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "दवाखाना लांब, रिक्षावाला कुत्रा बसवत नाही, आणि एका इंजेक्शनसाठी अख्खा दिवस मोडतो." यात लशीची किंमत कुठेच नाही, हे लक्षात आलं का? खरी अडचण तिथेच आहे, आणि फोनचा उपयोगही तिथेच होतो.

खर्च नेमका कशाचा?

हा खर्च दोन भागांत पाहा. एक स्थिर खर्च: डॉक्टरांची व्हिजिट, येणं-जाणं. दुसरा प्रत्येक प्राण्यामागचा: लस आणि सिरिंज. समजा व्हिजिट ६०० रुपये आणि लस १५० रुपये (आकडे फक्त उदाहरणासाठी). एकच कुत्रा असेल तर ७५० रुपये. त्याच व्हिजिटमध्ये दहा प्राणी झाले तर प्रत्येकी ६० अधिक १५०, म्हणजे २१० रुपये. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बॅचिंग म्हणतो. एकेक काम वेगळं करण्याऐवजी गठ्ठ्याने करायचं.

लशीची कुपीही याला साथ देते. प्राण्यांची रेबीजची लस एका डोसच्या कुपीत मिळते, तशी १० डोसच्या कुपीतही मिळते. पण कुपी एकदा उघडली की ठराविक तासांत संपवावी लागते, आणि तोवर २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. म्हणजे दहा प्राणी एकाच दिवशी, एकाच जागी हजर हवेत. हे जमवणं हेच खरं काम.

गोव्याने हे मोठ्या प्रमाणावर केलं

'मिशन रेबीज' ही संस्था आणि गोवा सरकार यांनी मिळून राज्यभर कुत्र्यांचं लसीकरण केलं. त्यांचं एक महत्त्वाचं हत्यार होतं स्मार्टफोन ॲप. नकाशावर राज्याचे छोटे-छोटे तुकडे पाडले जायचे आणि प्रत्येक टीमला तिचा तुकडा फोनवर दिसायचा. कुत्र्याला लस दिली की जीपीएससकट नोंद व्हायची. नेटवर्क नसलं तरी नोंद फोनमध्ये राहायची आणि नंतर सर्व्हरवर जायची. लस दिलेल्या कुत्र्याला रंगाची खूण करायचे. मग त्या भागात फिरून खूण असलेली किती, नसलेली किती हे मोजायचे. त्यातून कुठे कमी पडलो ते लगेच कळायचं. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झालं.

यामागचं गणित असं: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो, आणि लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

आपल्या गल्लीसाठी काय करायचं?

वेगळं ॲप लागत नाही. गूगल फॉर्म आणि शीट पुरतात.

१. फॉर्ममध्ये मोजकंच विचारा: मालकाचं नाव, फोन, प्राणी, वय, मागच्या लशीची तारीख, सध्या आजारी किंवा गाभण आहे का, अनोळखी माणसाला चावतो का. शेवटचे दोन प्रश्न डॉक्टरांसाठी आहेत, ते काढू नका.

२. पत्त्याऐवजी प्लस कोड घ्या. गूगल मॅप्सवर आपल्या घरावर बोट दाबून धरलं की हा छोटा कोड दिसतो. पूर्ण १० अक्षर-आकड्यांचा कोड साधारण १४ बाय १४ मीटरचा चौकोन दाखवतो. डोंगरावरच्या दाटीत एका चौकोनात तीन-चार घरं बसतात, म्हणून सोबत 'किराणा दुकानाच्या मागे' अशी खूणही लिहून घ्या.

३. दहा नावं झाली की डॉक्टरांना फोन करा. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. खासगी डॉक्टर असतील तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे ना, ते पाहा. लस डॉक्टरांनीच द्यायची. मेडिकलमधून आणून स्वतः टोचायची नाही.

४. लस दिल्यावर कुपीवरच्या लेबलचा फोटो काढा. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. शीटमध्ये 'एडेट' फॉर्म्युल्याने १२ महिन्यांनंतरची तारीख काढा आणि ती कॅलेंडरवर टाका. पिल्लांना पहिली रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात. पुढचा डोस कधी, हे डॉक्टर सांगतील ते लिहा.

५. शीटची एडिटिंग लिंक ग्रुपवर टाकू नका. त्यात शेजाऱ्यांचे फोन नंबर आणि घरांची ठिकाणं आहेत. ग्रुपवर फक्त 'झाले किती, राहिले किती' एवढंच कळवा.

दोन गोष्टी शीटमध्ये मावत नाहीत

भटक्या कुत्र्यांना आपण पकडायचं नाही. त्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. आपण महापालिकेकडे तक्रार करताना जागेचा प्लस कोड आणि कुत्र्यांचा अंदाजे आकडा दिला, तर तिथल्या टीमचं काम सोपं होतं.

दुसरं, कुत्रा किंवा मांजर चावलं, मग ते पाळलेलं का असेना, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि थेट रुग्णालय गाठा. कळव्यात महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. हळद, चुना, मिरची काही लावू नका. आधी इंटरनेटवर शोधत बसू नका.

फॉर्म बनवायला वीस मिनिटं लागतात. दहा नावं गोळा करायला मात्र दारोदार जावंच लागतं, कारण ज्या आजीच्या मांजराला लस हवी आहे तिच्याकडे बहुतेक स्मार्टफोनच नसतो. तिचा फॉर्म तुमच्या फोनवर तुम्हीच भरा.