बंगल्यापुढं शोभेची झाडं की देशी झाडं? लावण्याआधी हे वाचा

तालुक्याच्या गावी नवीन प्लॉटिंग झालं की घरापुढं बाग आलीच. लॉन, पाम आणि कंपाउंडला कोनोकार्पसची रांग. आता हेच फॅड वाड्यावस्त्यांवरही आलंय. दिसायला हिरवंगार, पण आपल्याकडच्या पाखरांना त्याचा फारसा उपयोग नाही. कोनोकार्पसची मुळं पाइपलाइन आणि गटारात शिरतात, परागकणांमुळे ॲलर्जीच्या तक्रारी येतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

देशी झाडानं काय फरक पडतो?

फुलपाखराची अळी कोणताही पाला खात नाही, तिची झाडं ठरलेली असतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मॉन लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं. अळ्या असल्या तरच पिल्लांना चारा मिळतो आणि पाखरं टिकतात.

यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. कांदा बीजोत्पादन, सूर्यफूल, डाळिंब यांना मधमाशी लागते. उन्हाळ्यात रानं मोकळी असतात, तेव्हा करंज, कडुनिंबाच्या फुलोऱ्यावर ती तग धरते. उन्हाळ्यात ती जगली, तरच हंगामात आपल्या पिकावर येईल.

शोभेचं झाड रानात घुसलं तर?

घाणेरी आणि जलपर्णी दोन्ही शोभेसाठीच परदेशातून आणलेल्या. आज घाणेरीनं गायरानं व्यापलीत, ती खाल्ली तर जनावरांना विषबाधा होते. जलपर्णीनं इंद्रायणीसारख्या नद्या झाकून टाकल्या.

बाहेरचं सगळंच वाईट असं नाही. मिरची, पेरू, सीताफळ हेही बाहेरूनच आले. पण निव्वळ शोभेसाठी लावायचं, तर आपल्या मातीतलं काय कमी देखणं आहे?

काय लावाल?

- लहान अंगण : बहावा, कांचन, पारिजातक, कढीपत्ता. पाणी बऱ्यापैकी असेल तर आपलं राज्यफूल तामण.
- मोठी जागा : कडुनिंब, करंज. भिंतीपासून १५-२० फूट लांब लावा.
- कुंपण : निर्गुडी, अडुळसा. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत.
- कुंडी : अबोली, मोगरा, तुळस.

रोपं घरीच करा

बहाव्याचं बी टणक असतं. फरशीवर थोडं घासून रात्रभर पाण्यात भिजवा, मग पिशवीत लावा. लिंबोळी मात्र साठवू नका, ताजी असतानाच लावा, नाहीतर उगवण घटते. करंजाच्या बियांना काही करावं लागत नाही.

खड्डे मे महिन्यात घ्या, चांगला पाऊस झाला की लागवड करा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागेल. देशी झाड आहे म्हणून आपोआप जगेल, या भरवशावर राहू नका.

आणि हो, कढीपत्त्यावर अळी दिसली की लगेच फवारणी करू नका. चार पानं खाल्ली तर खाऊ द्या, पुढं तिचंच फुलपाखरू होतं.