अनुशेषाची मोजणी आणि परभणी जिल्हा

‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्यात सर्वांच्या तोंडी आहे. तो मोजतात कसा, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्यास विशेष लक्ष पुरविण्याची हमी दिली. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने न्याय्य निधिवाटपास अनुच्छेद ३७१(२) चा आधार लाभला. परंतु तूट किती, हे ठरल्यावाचून निधी वाटावयाचा कसा? १९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने पाटबंधारे, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली. तिच्याखालील जिल्ह्यास त्या पातळीवर आणण्याचा खर्च म्हणजे अनुशेष. १९८४ च्या अहवालानुसार राज्यासाठी ही रक्कम ३,१८६.७८ कोटी रुपये होती. तीत मराठवाड्याचे ७५०.८५ कोटी, तर ‘उर्वरित महाराष्ट्रा’चे १,१८९.३८ कोटी! मोजणीचा घटक जिल्हा असल्याने पुढारलेल्या विभागातील मागास जिल्हेही हिशेबात आले, आणि ते योग्यच होते.

युरोपीय समुदायाने १९७५ मध्ये प्रादेशिक विकास निधी उभारला. पुढे तेथे सुविधांऐवजी दरडोई उत्पादन हा निकष झाला; युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असलेला प्रदेश सर्वाधिक साहाय्यास पात्र ठरतो. निधी सुट्या कामांना नव्हे, तर प्रदेशाच्या बहुवार्षिक कार्यक्रमास मिळतो आणि त्यात स्वतःचा हिस्सा घालावा लागतो.

आपल्या पद्धतीत बांधलेली सुविधा मोजली जाते. तिचा लाभ कोणास झाला, हे नव्हे. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून २०८ किलोमीटर धावतो. कालव्याच्या टोकाकडील गावास पाळीचे पाणी मिळो वा न मिळो, निर्माण झालेली सिंचनक्षमता कागदावर तेवढीच राहते. येलदरी धरण जिंतूर तालुक्यात आहे, पण त्याचे पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि कालवे तेथून निघतात. पाथरी-मानवतचे कालव्याखालील शिवार आणि जिंतूरचा डोंगराळ भाग यांची एकच सरासरी काढली, तर ती दोहोंपैकी कोणाचीच नसते. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा दोन्ही भागांचे हिशेब प्रथमच स्वतंत्र मांडता आले. तालुक्यांच्या बाबतीत ही सोय अद्याप झालेली नाही.

१ मे १९९४ रोजी स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाच्या कार्याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवण्याची तरतूद होती. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. जिल्हा नियोजन समितीचे मात्र किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिका सदस्यांतून निवडले जातात. वार्षिक आराखड्याच्या बैठकीत तालुकावार निर्मित क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र, हे दोन आकडे शेजारी-शेजारी मागण्याची संधी या सदस्यांना तेथे असते.